एक तार आणि दोन पाहुणे

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया व तहनामे उभे राहतात. घरांतील टेबलावरच्या यंत्रालाहि इतिहास असतो हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत नाशिकांत ज्यांनीं घरूनच धंदा केला, त्यांच्यापुढें एक चमत्कारिक पेंच असे. टेलिफोनची तार एक. तिला जोडावयाचीं यंत्रें दोन. एक फॅक्स, म्हणजे लिहिलेल्या कागदाची प्रतिमा तारेनें पाठविणारें व घेणारें; दुसरें, मालक घरीं नसतांना आलेला निरोप फितीवर टिपून ठेवणारें. घंटी वाजली म्हणजे दोघांपैकीं कोणी उठावें, हा तो पेंच होय.

दुसरी तार कां घेऊं नये, असें आजचा तरुण वाचक विचारील. स्वातंत्र्याच्या वेळीं सबंध देशांत ८० हजारांच्या आसपास टेलिफोन होते, आणि १९९१ सालींहि त्यांची संख्या ५० लाखांच्या घरांतच होती. अर्ज करून वर्षानुवर्षें वाट पहावी लागे. मोठी रक्कम आगाऊ भरून पुढचा क्रमांक मिळविण्याची एक वेगळी योजनाहि सरकारनें ठेविली होती. पहिलाच टेलिफोन जेथें पेढे वाटून घरांत यावयाचा, तेथें दुसऱ्याची गोष्ट कशास?

आणि नाशिकास तर फॅक्सची निकड होती. १९९१ सालीं द्राक्षबागाईतदारांची महाग्रेप्स ही संस्था निघाली, आणि जिल्ह्याचीं द्राक्षें विलायतेच्या बाजारीं जाऊं लागलीं. द्राक्ष हें कांहीं लोखंड नव्हे. भाव ठरण्यास आठवडा लागला तर मालाचें काय होणार? हंगाम जानेवारी ते एप्रिल. त्या थंडीच्या दिवसांत लंडनचें घड्याळ आपल्या साडेपांच तास मागें असतें. तेव्हां तिकडील कचेरी सायंकाळीं पांचाला शेवटचा कागद पाठवी, तो येथें रात्रीं साडेदहाला येऊन ठेपे. त्याच तारेवर त्याच वेळीं पुण्याहून मुलीचा टेलिफोन यावयाचा, कारण रात्रीं उशिरां परगांवचे दर उतरत! फॅक्सचा आणखी एक गुण आमच्या मतें फार मोठा होता. जुन्या तारखात्यानें मराठी मजकुराला वर्षानुवर्षें रोमन लिपीचा वेष चढविला. फॅक्सला लिपीची पर्वा नव्हती. वडिलांच्या हातची मोडीहि तो जशीच्या तशी पोंचविता.

वास्तविक एक तार दोघांत वांटून घेण्याचा हा प्रश्न टेलिफोनहूनहि जुना आहे. कागदाची प्रतिमा तारेनें धाडण्याचा शोध अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीनें १८४३ सालींच नोंदविला होता. १८६५ पासून कॅसेली या इटालियन धर्मगुरूच्या यंत्रानें पॅरिस व लिऑं या शहरांच्या दरम्यान असे कागद जातहि होते. १८७४ सालीं एडिसननें एका तारेवर एकाच वेळीं चार संदेश चालवून दाखविले. ग्रॅहॅम बेलहि तेंच साधूं पाहत होता. निरनिराळ्या सुरांनीं एकाच तारेवर अनेक संदेश पाठवावे या खटपटींत असतांना त्याला १८७६ सालीं टेलिफोन गवसला. निरोप टिपण्याची कल्पना डेन्मार्कच्या पौल्सननें १८९८ सालीं लोखंडी तारेवर आवाज उमटवून सिद्ध केली. म्हणजे नाशिकच्या टेबलावर एकत्र आलेले हे दोघे पाहुणे चांगलेच वयस्क होते. मात्र मोठ्या मार्गांवरच्या तारेची वांटणी झाली, तरी एक्सचेंजपासून घरापर्यंतच्या तारेवर एका वेळीं एकालाच बसावें लागे.

म्हणून पाहुणा ओळखण्याची युक्ति निघाली. घंटी वाजली कीं निरोप टिपणारें यंत्र प्रथम उठे व आपलें ठरीव वाक्य बोलूं लागे. फॅक्स मागें बसून कान देई. फॅक्स पाठविणारें यंत्र शिटीनें आपली ओळख देतें: सेकंदास ११०० कंपनांचा, अर्धा सेकंद टिकणारा सूर, मग तीन सेकंद स्तब्धता, पुन्हां तोच सूर. तो ऐकूं आला कीं फॅक्स तार ताब्यांत घेई व २१०० कंपनांच्या सुरानें उत्तर देई. न आला तर आलेला मनुष्य आहे असें समजून निरोप टिपला जाई. योजना सुबक खरी. पण यजमानानें स्वागताचें वाक्य लांबविलें तर त्या बोलण्यांत शिटी हरवे. शिवाय हातानें नंबर फिरविणारा गृहस्थ समोरचा सूर ऐकल्याविना बटण दाबीत नसे, आणि इकडील यंत्र शिटी ऐकल्याविना हलत नसे. लखनौच्या नबाबांप्रमाणें दोघेहि ‘पहिले आप’ म्हणत गाडी चुकवीत.

आपल्या लोकांनीं यावर जो उपाय काढला त्यांत यंत्राचा भाग थोडाच होता. आधीं साधा टेलिफोन करावयाचा, क्षेमकुशल विचारावयाचें, आणि मग म्हणावयाचें, ‘आतां टोन द्या.’ मग घरांतील कोणीतरी, बहुधा गृहिणी, स्वयंपाकघरांतून हात पुसत येऊन बटण दाबी. निर्यातीच्या या कामांत तिच्या वांट्याचा हिशेब कोठेंहि लिहिलेला नाहीं. विलायतेचें यंत्र अर्थातच क्षेमकुशल विचारीत नसे. त्याच्यासाठीं हंगामांत रात्रभर तार फॅक्सकडेच ठेवीत, आणि मुलीनें टेलिफोन केला तर तिच्या कानांत किंकाळी शिरे. निरोप टिपणारें यंत्र आपल्याकडे रुजलें नाहीं याचें कारणहि उघड आहे. घंटी वाजून कोणी उचललें नाहीं तर पैसे पडत नसत; यंत्रानें उचललें कीं मीटर फिरूं लागे. भिंतीशीं बोलण्याचे पैसे कोण देणार? त्यांत वीज गेली म्हणजे दोन्ही यंत्रें मुकीं; साधा टेलिफोन तेवढा एक्सचेंजच्या विजेवर जागा राही.

पुढें २००५ च्या सुमारास त्याच तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड आलें. आवाज खालच्या कंपनांत, इंटरनेट वरच्या कंपनांत, मध्यें एक लहानशी डबी. दोघेहि एकाच वेळीं सुखानें नांदूं लागले. बेलचा मनोरथ घरच्या तारेवर असा पुरा झाला, तोंवर फॅक्सची गरजच सरत आली होती.

या काळाचे कागद मात्र दुर्मिळ होत चालले आहेत. फॅक्सचा गुळगुळीत कागद उष्णतेनें काळा होणारा. त्यावरील अक्षर कांहीं वर्षांत फिकट होऊन नाहींसें होतें. फिती तर पुनःपुन्हां पुसल्या गेल्या. जे सावध होते त्यांनीं फॅक्स येतांच त्याची झेरॉक्स काढून फायलीस लाविली. पिंपळगांवच्या किंवा ओझरच्या एकाद्या कपाटांत अशी फाइल निघाली, तर तिच्यांतील झेरॉक्स तेवढी वाचतां येते. शेजारचा मूळ कागद कोरा असतो.