पंडित, विजयालक्ष्मी

(१८ ऑगस्ट १९००–१ डिसेंबर १९९०). भारतीय मुत्सद्दी, स्वातंत्र्यसेनानी व संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष. माहेरचे नाव स्वरूपकुमारी. जन्म अलाहाबाद येथे. मोतीलाल नेहरू व स्वरूपराणी यांच्या त्या कन्या, तर जवाहरलाल नेहरूंच्या धाकट्या भगिनी. त्यांचे शिक्षण मुख्यतः घरीच झाले. १९२१ मध्ये त्यांचा विवाह रणजित सीताराम पंडित यांच्याशी झाला. राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील रणजित हे बॅरिस्टर व संस्कृतज्ञ असून त्यांनी कल्हणाच्या राजतरंगिणीचा इंग्रजी अनुवाद केला. त्यांना तीन मुली. त्यांपैकी नयनतारा सहगल या इंग्रजीतील नामवंत लेखिका होत.

स्वातंत्र्यलढ्यात त्यांनी तीनदा कारावास भोगला. १९३७ मध्ये संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर निवडून येऊन त्या स्थानिक स्वराज्य व आरोग्य खात्याच्या मंत्री झाल्या. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाबरोबर त्यांनी पद सोडले. १९४४ मध्ये रणजित पंडित यांचे निधन झाले.

१९४६ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांतील भारतीय शिष्टमंडळाचे नेतृत्व केले. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न ही त्या देशाची अंतर्गत बाब आहे, असा पंतप्रधान स्मट्स यांचा दावा होता. तो बाजूस सारून आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी भारताला अनुकूल ठराव केला. भारत स्वतंत्र होण्यापूर्वीचे हे मोठे राजनैतिक यश होते.

१९४७ ते १९४९ या काळात त्या सोव्हिएट संघात राजदूत होत्या. तेथे स्टालिनने त्यांना भेट दिली नाही. १९४९ ते १९५१ मध्ये त्या अमेरिकेत राजदूत होत्या व मेक्सिकोचा कार्यभारही त्यांच्याकडे होता. १९५३ मध्ये त्या आमसभेच्या आठव्या अधिवेशनाच्या अध्यक्ष झाल्या. १९५४ ते १९६१ पर्यंत ब्रिटनमधील उच्चायुक्तपद सांभाळताना त्यांनी आयर्लंडमधील राजदूतपदही सांभाळले. १९६२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

१९६२ ते १९६४ या काळात त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. जवाहरलाल नेहरूंच्या निधनानंतर रिक्त झालेल्या फुलपूर मतदारसंघातून त्या लोकसभेवर गेल्या आणि १९६८ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. भाची इंदिरा गांधी यांच्याशी त्यांचे मतभेद वाढत गेले. आणीबाणीला त्यांचा विरोध होता. १९७७ च्या निवडणुकीत त्यांनी काँग्रेसविरोधी प्रचार केला. द स्कोप ऑफ हॅपिनेस (१९७९) हे त्यांचे आत्मचरित्र. त्यांचे निधन डेहराडून येथे झाले.