तीन दांड्यांची कुळकथा

वीस-पंचवीस अश्वशक्तीच्या लहान ट्रॅक्टरला मालकाने स्वतः बनवलेली किंवा तालुक्याच्या गावातील वेल्डिंगवाल्याकडून करून घेतलेली जी जोडणी असते, मग ती खतांची पोती वाहणारी पाटी असो, फवारणीच्या टाकीची चौकट असो, सरी पाडण्याचा फाळ असो की वजनासाठी काँक्रीट ओतलेले पिंप असो, ती बहुतेक वेळा ट्रॅक्टरच्या पाठीमागील तीन दांड्यांनाच अडकवलेली असते. या रचनेला थ्री पॉइंट लिंकेज म्हणतात. तिच्यातील खालच्या दोन दांड्या हायड्रोलिक लिफ्टने, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या उचलयंत्राने, वरखाली होतात आणि टॉप लिंक नावाची वरची एकटी दांडी अवजाराचा कोन व तोल सांभाळते. ही रचना कारखान्यातील अभियंत्यांनी नांगरासाठी घडवली आणि गावोगावच्या हौशी कारागिरांनी मागाहून तिचा आपल्या सोयीसाठी वापर केला, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे, कारण या दांड्यांचा वंश मागे शोधत गेले तर तो एखाद्या ट्रॅक्टरपाशी थांबत नाही. तो प्रवासी मोटारीचा ट्रॅक्टर करणाऱ्या एका जोडसंचापाशी जाऊन पोहोचतो.

त्या संचाचे नाव ‘इरॉस’ आणि मोटार अर्थातच फोर्डची मॉडेल टी. 1908 पासून बाजारात आलेली, सुमारे 20 अश्वशक्तीची ही मोटार अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या हाती इतक्या मोठ्या संख्येने पडली की तिला नांगराला जुंपण्याचे संच विकणारे अनेक उत्पादक पुढे आले. कल्पना सोपी होती. मोटारीची मागची चाके काढायची, आसाच्या टोकांवर लहान दंतचक्रे बसवायची आणि त्यांच्याकडून दातेरी कडे असलेली मोठी पोलादी चाके फिरवायची; असे केले की वेग घटतो, त्या प्रमाणात ओढ वाढते, आणि मनात आले की संच उतरवून मोटार पुन्हा रस्त्यावर आणता येते. कमी वेगात पूर्ण ताकदीने राबताना इंजिन तापे, हे या संचांचे मोठे दुखणे होते. तरीही पहिल्या महायुद्धात माणसे आणि घोडे रणांगणावर गेल्यामुळे ब्रिटन व आयर्लंडमध्ये अशा तडजोडीला खरी किंमत आली.

याच काळात, 1917 मध्ये, बेलफास्टमधील मोटार-व्यावसायिक हॅरी फर्ग्युसन यांच्याकडे आयर्लंडमधील सरकारी ट्रॅक्टरांच्या देखरेखीचे काम आले. तेव्हाचे नांगर साखळीने मागे ओढले जात. ते जड असत, त्यांना स्वतःची चाके असत आणि पुष्कळदा ते सांभाळायला दुसरा माणूस लागे. फर्ग्युसन आणि त्यांचे सहकारी विली सँड्स यांनी इरॉससाठी नवा नांगर केला. तो बिनचाकी होता, चालकाला बसल्या जागेवरून तरफेने उचलता येत होता, आणि त्याची ओढ वाहनाच्या पोटाखालून, मागच्या आसाच्या पुढून घेतलेली होती. या शेवटच्या तपशिलातच सगळे मर्म आहे. मोटारीला जड ट्रॅक्टरासारखे वजन नसते, त्यामुळे नुसत्या वजनाच्या बळावर चाके जमिनीत रुतवून नांगर ओढणे तिला जमणारे नव्हते. नांगराला होणारा जमिनीचा विरोध हाच वाहनाला खाली दाबेल अशा जागी जोड देणे, एवढा एकच मार्ग उरला होता. अवजार मागे बांधायचे ओझे नसून वाहनाच्या तोलाचा भाग आहे, हा आजच्या लिंकेजमागील मूळ विचार येथे व्यवहारात उतरला, आणि तो उतरला तो वाहन हलके व उसने होते म्हणून.

पुढे फोर्डसन ट्रॅक्टर स्वस्तात उपलब्ध झाला आणि इरॉसचा बाजार उठला. नांगराची कल्पना मात्र फोर्डसनवर गेली. फोर्डसनचा एक दोष प्राणघातक होता: मागे ओढला जाणारा नांगर दगडात अडकला आणि चाकांची पकड सुटली नाही, तर ट्रॅक्टर आपल्याच मागच्या आसाभोवती फिरून पुढून उचलला जाई आणि चालकावर उलटे. फर्ग्युसन यांनी एकावर एक अशा दोन दांड्यांची जोडणी केली. तिच्यामुळे उलटू पाहणाऱ्या ट्रॅक्टरला नांगरच मागून टेकू देऊ लागला. दोनाच्या तीन दांड्या व्हायला आणखी काही वर्षे गेली. मधल्या प्रयोगांत वर दोन आणि खाली एक अशीही मांडणी होती, ती पुढे उलटी करण्यात आली.

या वंशावळीला तीन हरकती घेतल्या जातात. पहिली अशी की खरा जन्म फर्ग्युसन यांच्या 1926 च्या पेटंटपासून मानावा, कारण नांगराची खोली आपोआप सांभाळणारे हायड्रोलिक नियंत्रण त्यात आहे: जमीन कडक लागली की टॉप लिंकवर दाब येतो, त्या दाबाने झडप उघडते, अवजार किंचित वर उचलले जाते आणि त्याचा भार मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. हे नियंत्रण असामान्य बुद्धीचे काम आहे, याबद्दल दुमत नाही. मात्र टॉप लिंकवरील दाब मोजण्याची कल्पना सुचायला आधी दांडीवर दाब येईल अशी ताठ जोडणी असावी लागते; साखळीवर फक्त ताण येतो, दाब कधीच येत नाही. म्हणून हे पेटंट या घराण्यातले मूळपुरुष नव्हे, कर्तबगार नातू ठरते. दुसरी हरकत विमानविद्येची आहे. फर्ग्युसन यांनी 31 डिसेंबर 1909 रोजी स्वतः बांधलेल्या विमानातून आयर्लंडमधील पहिले उड्डाण केले होते, तेव्हा हलकेपणाचा ध्यास तेथूनच आला, असे म्हणण्याचा मोह होतो. स्वभावाचा खुलासा त्यातून होतो. आसाच्या पुढून ओढ घेण्याचा खुलासा मात्र होत नाही, तो मोटारीच्या अपुऱ्या वजनातूनच होतो.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार आहे. ट्रॅक्टरच्या इंजिनाची फिरती शक्ती बाहेर देणारा दांडा, म्हणजेच पीटीओ, हाच सगळ्या जोड-अवजारांचा खरा पूर्वज होय, असे तिचे म्हणणे आहे. फ्रान्समध्ये गूजी नावाच्या यंत्रनिर्मात्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या ट्रॅक्टरवरून कापणी-बांधणी यंत्र फिरवले, इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1918 च्या सुमारास ही सोय विक्रीच्या ट्रॅक्टरवर आणली आणि पुढे मिनिटाला 540 फेरे हा मानक वेग रूढ झाला. नाशिक व सांगलीकडच्या द्राक्षबागांत चालणारा ब्लोअर, म्हणजे पंख्याच्या झोताने औषध उडवणारे यंत्र, याच दांड्यावर फिरतो, हेही खरे. तथापि घरी केलेल्या जोडणीत पीटीओवर चालणारे थोडे आणि नुसते लिंकेजला लटकणारे पुष्कळ, हे कोणत्याही वस्तीवर पाहता येते, आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे: फिरता दांडा अचूक मापाची व धोक्याची गोष्ट आहे, तर चौकटीला अँगल, चॅनेल आणि तीन पिना पुरतात.

मधले टप्पे प्रसिद्धच आहेत. 1936 मध्ये डेव्हिड ब्राउन यांच्याबरोबरचा ट्रॅक्टर, 1938 मध्ये हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनावर झालेला करार, 1939 चा फोर्ड 9एन, 1946 पासून इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीत बनलेला करडा टीई20, आणि फोर्डशी फाटल्यावरचा खटला, जो 1952 मध्ये 92 लाख 50 हजार डॉलरवर मिटला. इतर कंपन्यांनी काढलेल्या वेगळ्या जोडण्या टिकल्या नाहीत. फर्ग्युसनची मांडणीच मानक झाली.

हे मानकीकरण घरगुती कारागिरीला वरदान ठरले. ‘कॅटेगरी 1’ या वर्गात खालच्या पिना 22 मिलिमीटर व वरची 19 मिलिमीटर जाडीची असते, तर सर्वांत लहान यंत्रांच्या ‘कॅटेगरी 0’ वर्गात पिना 16 मिलिमीटरच्या असतात. एवढी मापे पाठ असलेला लोहार कोणत्याही कंपनीच्या ट्रॅक्टरला अवजार करून देऊ शकतो. कुबोटासारख्या जपानी उत्पादकांनी लहान ट्रॅक्टर जगभर नेला, आणि बंगळूरच्या व्हीएसटीने मित्सुबिशीच्या सहकार्याने तसाच ट्रॅक्टर भारतात आणला, तेव्हा ही मांडणी आकसून बरोबर आली. तिच्याबरोबर मूळचा प्रश्नही परत आला, कारण लहान ट्रॅक्टर हा पुन्हा हलका ट्रॅक्टर आहे. पुढे लोडरची बकेट लावली की मागची चाके उचलतात म्हणून लिंकेजला काँक्रीटचे पिंप लटकवावे लागते. मागे भरलेली टाकी लावली की पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग लागत नाही म्हणून नाकावर लोखंडी वजने बांधावी लागतात. जो कोणी टॉप लिंकच्या जागी साखळी अडकवून झाडाचे खोड ओढू पाहतो, तो फोर्डसनच्या चालकाचा धोका स्वतःवर ओढवून घेतो. ओढ आसाच्या खालूनच घेतली पाहिजे, हा 1917 चा धडा आजही जिवाशी बांधलेला आहे.

मोटारीच्या पोटी जन्मलेल्या या घराण्याने कारागिरांच्या हातची दुरुस्ती नेहमीच मानवून घेतली. एडमंड हिलरी यांच्या तुकडीने अंटार्क्टिकावर टीई20 ट्रॅक्टरांना पट्टे चढवले, चालकासाठी कापडी आडोसे उभारले आणि 4 जानेवारी 1958 रोजी ते दक्षिण ध्रुवावर नेले. उलट दिशेचा दाखला गुजरातचा आहे. अमरेली जिल्ह्यातील मनसुखभाई जगानी यांनी बुलेट मोटारसायकलचे मागचे चाक काढून तेथे दोन चाकांचा जोड दिला आणि त्यामागे ‘सांती’, म्हणजे बैलांमागे चालणारी अवजारे बसवण्याची आडवी दांडी, जोडली. फर्ग्युसनचा येथे कसलाही संबंध नाही, तेव्हा हे उदाहरण वरील वंशावळीच्या विरुद्ध जाते असे कोणी म्हणेल. वास्तविक ते तिला बळकटी देते: बैल किंवा घोडे परवडेनासे झाले, रस्त्यावरचे वाहन दाराशी उभे आहे आणि त्याला मागे अवजार हवे आहे, ही बेलफास्टमधली परिस्थिती जेथे पुन्हा उद्भवली, तेथे वाहन उलगडून जोडणीपासूनच सुरुवात झाली.