खिडकीतला दिवा
(परदेशी गेलेल्या आयरिश माणसाच्या ओढीचा इतिहास)

आयर्लंडच्या वायव्य टोकाला डोनेगल नावाचा डोंगराळ परगणा आहे. तेथे मकिश पर्वताच्या खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटासा दगडी पूल लागतो. लोक त्याला ‘अश्रूंचा पूल’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात त्या भागातील तरुण मुलेमुली देश सोडून निघाली, की डेरी बंदराची वाट पायी तुडवीत. आईवडील, भावंडे आणि शेजारी या पुलापर्यंत सोबत येत. येथून पुढे जायचे ते जाणाऱ्यानेच. बाकीच्यांनी मागे फिरायचे. आज पुलाशेजारी त्या ताटातुटीची आठवण सांगणारा दगड उभा आहे.

परदेशी राहणाऱ्या आयरिश माणसाला घरची कोणती गोष्ट आठवते, असे विचारले तर उत्तरे साधीच मिळतात. कुणी घरच्या चहाचे नाव घेईल, कुणी लोण्याचे, कुणी पावसाने ओल्या झालेल्या हिरव्या रानाचे. ही उत्तरे खोटी नाहीत. परंतु त्या देशाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, म्हणजे आम्हांस असे वाटते, की या वस्तूंच्या आडून तो माणूस दुसरेच काही मागत असतो. ते काय, याचा शोध घेण्याचा हा अल्पसा प्रयत्न.

आधी थोडे आकडे पाहू. १८४१ च्या जनगणनेत आयर्लंड बेटाची लोकसंख्या सुमारे ८२ लाख होती. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि ज्या गरिबांचे पोट केवळ बटाट्यावर चालत होते, त्यांच्यावर आकाश कोसळले. १८५२ पर्यंत सुमारे दहा लाख माणसे भुकेने व रोगराईने दगावली आणि दहा लाखांहून अधिक देशोधडीला लागली. १८५१ ची जनगणना झाली तेव्हा लोकसंख्या ६५ लाखांवर आली होती. आपल्या देशातील कलकत्ता शहरातही त्या काळी दुष्काळपीडितांसाठी निधी उभा राहिला होता आणि त्यात कंपनी सरकारच्या पलटणींतील आयरिश शिपायांचा वाटा होता. घरापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या शिपायांच्या हाती तेवढेच होते. कॅनडातील क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल या बेटावर १८४७ या एकाच वर्षी पाच हजारांहून अधिक आयरिश स्थलांतरितांना मूठमाती देण्यात आली. त्यांच्या पोरक्या मुलांना तेथील फ्रेंच भाषिक कॅथलिक कुटुंबांनी आपल्या घरी नेले आणि त्यांपैकी अनेक मुलांची आयरिश आडनावे तशीच राहू दिली. भाषा गेली, गाव गेले, आईबाप गेले. नाव तेवढे उरले.

दुष्काळ सरला, पण जाणे थांबले नाही. घरची जमीन थोडी आणि तीही एकाच मुलाच्या वाट्याला येणारी; बाकीच्यांनी वयात आले की निघायचे, हा जणू कुळाचारच होऊन बसला. आजही साऱ्या बेटाची लोकसंख्या सत्तर लाखांच्या थोडी वर आहे. म्हणजे १८४१ चा आकडा अद्याप गाठलेला नाही. उलट, आपले मूळ आयर्लंडमध्ये आहे असे सांगणारी माणसे जगभर सात कोटींच्या घरात असल्याचे मानले जाते.

या सततच्या वियोगातून एक विलक्षण प्रथा जन्मास आली. आयर्लंडमध्ये घरी मृत्यू झाला की शेजारीपाजारी रात्रभर त्या घरी जागत. जपमाळ होई, तंबाखू व खाणेपिणे फिरे, गेलेल्याच्या गोष्टी निघत. हीच जागरणाची रीत लोकांनी अमेरिकेला निघालेल्या जिवंत माणसालाही लागू केली. तिला ‘अमेरिकन वेक’, म्हणजे अमेरिकेचे जागरण, असे नाव पडले. आदल्या रात्री गाव घरी जमे. नाचगाणे होई आणि मधूनच एखादी वृद्धा मृतासाठी करावा तसा विलाप सुरू करी. पहाटे सारे जण त्या मुलाला किंवा मुलीला वेशीपर्यंत पोहोचवीत. हे ढोंग नव्हते. जहाजाचे भाडे कसेबसे जमवून गेलेला परत येईल, ही आशा फार थोड्यांना होती. आई मुलाच्या अंत्यविधीला नसणार आणि मुलगा आईच्या अंत्यविधीला नसणार, हे दोघांनाही ठाऊक होते. म्हणून ते दुःख आधीच, एकमेकांच्या समोर बसून भोगून घेतले जाई.

इतिहासकार कर्बी मिलर यांनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. आयरिश भाषेत परदेशी जाणाऱ्यासाठी जो शब्द रूढ होता, त्याचा अर्थ ‘हद्दपार झालेला’ असा होतो. स्वखुशीने, पोटासाठी गेलेला माणूसही स्वतःला हद्दपार समजे. या भावनेची मुळे फार जुनी आहेत. ५६३ साली संत कोलंबा आयर्लंड सोडून स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर गेले. ख्रिस्तासाठी मायभूमीचा त्याग करणे हेही एक हौतात्म्यच, अशी त्या काळच्या आयरिश मठवासीयांची धारणा होती. रक्त न सांडता पत्करलेले ते हौतात्म्य. घर सोडणे म्हणजे थोडे मरणेच, ही समजूत त्या मातीत दुष्काळाच्या कितीतरी आधीपासून रुजलेली होती.

आता घराकडे वळू. आयरिश शेतकऱ्याच्या घराचा प्राण म्हणजे त्याची चूल. तेथे लाकूड दुर्मिळ. त्यामुळे दलदलीतील काळसर माती विटांच्या आकारात कापून, उन्हावाऱ्यात वाळवून जळणासाठी वापरीत. तिच्या धुराला एक खमंग, मातकट वास असतो. घर सोडून कैक वर्षे झालेल्या माणसालाही तो वास आला की डोळे भरून येतात, असे अनेकांनी लिहून ठेवले आहे. रात्री गृहिणी निखारे राखेखाली झाकून ठेवी, संत ब्रिजिड आणि पवित्र मरिया यांच्या स्वाधीन घर करी आणि पहाटे राख बाजूला सारून त्याच निखाऱ्यांवर नवा विस्तव पेटवी. कित्येक घरांत चुलीतला विस्तव पिढ्यान् पिढ्या विझला नाही, असे अभिमानाने सांगत. त्या चुलीभोवती शेजारी बसायला येत, गोष्टी सांगत. परदेशी गेलेल्याला वास आठवतो तो धुराचा, परंतु मन शोधत असते ते त्या चुलीभोवतालची आपली बसण्याची जागा.

ती जागा राखण्यासाठी परदेशी गेलेल्यांनी काय काय केले! १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील नवे स्थलांतरित केंद्र उघडले, तेव्हा प्रथम आत पाऊल ठेवले ते कॉर्क परगण्यातील ॲनी मूर या मुलीने. दोन धाकट्या भावांना सोबत घेऊन तिने नाताळचा सण भर समुद्रात काढला होता. आईवडील आधीच न्यूयॉर्कला गेले होते. ज्या बंदरातून ती निघाली त्या कोव्ह शहरात आज तिचा व तिच्या भावांचा पुतळा आहे. अशा हजारो मुली अमेरिकेत श्रीमंतांच्या घरी मोलकरणी म्हणून राबल्या. पगारातून पैसे साठवून त्यांनी घरी पाठविले, धाकट्या बहिणीचे जहाजाचे भाडे भरले, बापाचा खंड फेडला. नाताळच्या सुमारास येणाऱ्या ‘अमेरिकेच्या पत्राची’ वाट सारे घर पाहत असे. न्यूयॉर्कचे संत पॅट्रिक महामंदिर १८७९ साली उपासनेसाठी खुले झाले. त्याच्या उभारणीत धनिकांच्या देणग्यांबरोबर या मोलकरणींची व मजुरांची नाणीही आहेत. गावचे देऊळ दूर राहिले, तर येथे आपले देऊळ उभारू, अशी ती जिद्द होती.

उलट दिशेने घरून काय येई? १७ मार्चच्या संत पॅट्रिकच्या सणाआधी आई एका लहानशा पाकिटात शॅमरॉकची, म्हणजे तीन पानांच्या त्या रोपाची, काडी घालून पाठवी. पोहोचेपर्यंत ती सुकून जाई, तरी मुलगा ती कोटाला लावून मिस्साला जाई. पुढच्या काळात सामान बदलले. १९०१ साली कॉर्कमध्ये सुरू झालेल्या बॅरीज या पेढीचा चहा, १९५४ साली डब्लिनमध्ये निघालेले टेटो नावाचे बटाट्याचे वेफर्स, घरगुती तपकिरी पाव, लोणी. आजही सुटीहून परतणाऱ्या आयरिश माणसाच्या बॅगेत या वस्तू हमखास सापडतील. परदेशातील दुकानांत याहून उत्तम चहा मिळत नाही असे नाही. पण तो आईच्या स्वयंपाकघरातला नसतो.

एकदा मात्र ओढीची दिशा उलटी झाली. गेलिक फुटबॉल हा आयरिश लोकांचा जीव की प्राण. त्याचा अखिल आयर्लंड अंतिम सामना १९४७ साली, दुष्काळातील सर्वांत भीषण वर्षाला शंभर वर्षे पूर्ण होत असताना, न्यूयॉर्कमध्ये खेळविण्यात आला. सुमारे चौतीस हजार प्रेक्षकांसमोर कॅव्हनने केरीला हरविले. आयर्लंडमध्ये लोक रेडिओभोवती गोळा होऊन मायकेल ओहेहिर यांचे धावते वर्णन ऐकत होते. सामना लांबला आणि रेडिओची लाईन तोडण्याची वेळ जवळ आली, तेव्हा ओहेहिर यांनी ध्वनिक्षेपकावरूनच विनवणी केली, की कृपा करून आणखी पाच मिनिटे द्या. लाईन चालू राहिली. त्या पाच मिनिटांसाठी घर परदेशाकडे कान लावून बसले होते.

त्यानंतरचे दशक पुन्हा रिते होण्याचे. १९५० ते १९६० या काळात सुमारे चार लाख लोकांनी आयर्लंड सोडले, बहुतेकांनी इंग्लंडची वाट धरली. १९६१ साली प्रजासत्ताकाची लोकसंख्या २८ लाखांवर उतरली. पुरुष इमारतींच्या व रस्त्यांच्या कामावर राबले, मुली परिचारिका झाल्या. लंडनच्या क्रिकलवूड भागातील गॅल्टीमोर या नृत्यगृहात शनिवारी आपल्याच परगण्यातील माणूस भेटे, रविवारी मिस्साला गावची खबर मिळे. १९५७ साली आयरिश ख्रिस्तसभेने या लोकांसाठी खास धर्मगुरूंची योजना सुरू केली. या मजुरांपैकी अनेक जण ‘पुढच्या वर्षी परत जाऊ’ असे म्हणत म्हातारे झाले आणि भाड्याच्या खोलीत एकटेच वारले. अशा वृद्धांना मायदेशी परत येऊन राहता यावे म्हणून २००० साली मेयो परगण्यातील मलरनी या गावातून ‘सेफ होम’ नावाचा उपक्रम सुरू झाला. ‘सुखरूप घरी पोहोचा’ हा आयरिश माणसाचा निरोपाचा शब्द; तोच त्याचे नाव ठरला.

परंतु जे परतले, त्यांना घर सापडले काय? येथे आम्हांस थोडे कटू सत्य सांगितले पाहिजे. परदेशी गेलेला माणूस घराचे चित्र निघाल्या दिवशीचे घेऊन जातो. घर मात्र पुढे चालत राहते. १९६१ साली प्रजासत्ताकातील सुमारे ९५ टक्के लोक कॅथलिक होते. २०२२ च्या जनगणनेत हे प्रमाण ६९ टक्के भरले आणि रविवारची देवळे पूर्वीसारखी भरत नाहीत. ख्रिस्तसभेच्या संस्थांत मुलांवर झालेल्या अन्यायाच्या चौकशांनी अनेकांचा विश्वास ढासळला, हे नाकारता येणार नाही. गावच्या शाळा बंद झाल्या, शेजारी बदलले. चाळीस वर्षांनी परतलेला गावात उभा राहतो, तेव्हा त्याला ओळखणारे कुणी उरलेले नसते. परदेशात तो आयरिश होता. गावात त्याला ‘परदेशातून आलेला’ म्हणतात.

मग त्याला नेमके काय हवे असते? आयरिश भाषेत एक जुनी म्हण आहे, की माणसे एकमेकांच्या सावलीत जगतात. आम्हांस वाटते, उत्तर येथे आहे. आजही परदेशी आयरिश मनुष्य गावच्या निधनवार्ता नित्यनेमाने पाहतो. पूर्वी त्या घरून पाठविलेल्या स्थानिक वर्तमानपत्रातून कळत. आता संगणकाच्या पडद्यावर क्षणात दिसतात. २०२० च्या महामारीत तर कित्येकांनी आईबापांचे अंत्यविधी त्या पडद्यावरच पाहिले. कुणाच्या खांद्यावर हात ठेवता आला नाही, शवपेटीला खांदा देता आला नाही. चहा आणि लोणी पार्सलने पोहोचते. पण हजर असणे पार्सलने पाठविता येत नाही. अमेरिकेच्या जागरणात रडणाऱ्या आईला दीडशे वर्षांपूर्वी जे कळले होते, ते हेच.

आयर्लंडमध्ये नाताळच्या पूर्वसंध्येला खिडकीत मेणबत्ती लावण्याची रीत आहे. मरिया व योसेफ यांना कुठे आसरा मिळाला नाही; या घरात मिळेल, असे ती मेणबत्ती सांगते. ३ डिसेंबर १९९० रोजी मेरी रॉबिन्सन राष्ट्राध्यक्षपदी आल्या. त्यांनी या रितीचा आधार घेऊन डब्लिनच्या आपल्या शासकीय निवासाच्या स्वयंपाकघरातील खिडकीत एक दिवा लावला. रस्त्यावरून तो दिसे. देश सोडून गेलेल्या सर्वांसाठी तो होता आणि तो दिवसरात्र तेवत ठेवण्यात आला. एका दिव्याने कुणाला नोकरी मिळाली नाही की परतीचे तिकीट मिळाले नाही. तरीही परदेशातील असंख्य आयरिश माणसांना त्याने गहिवरून आले. कारण दीडशे वर्षांत प्रथमच त्यांच्या देशाने मोठ्याने सांगितले होते, की तुमची जागा आम्ही विसरलेलो नाही.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतील किती घरांतून मुले आखातात, कॅनडात, ऑस्ट्रेलियात गेली आहेत, हे आम्ही सांगावयास नको. आयर्लंडचा इतिहास आणि आपला इतिहास एक नव्हे. परंतु रात्रीच्या जपमाळेला एक जागा रिकामी राहते, ती सर्वत्र सारखीच रिकामी असते. त्या मुलांना लोणची, पापड, मसाले आपण पाठवितोच. त्याबरोबर गावात कोण गेले, कुणाला मूल झाले, सणाला मिरवणूक कुठून निघाली, हेही सविस्तर कळवीत जावे. ते सुटीवर आले की पाहुणे म्हणून बैठकीत न बसविता स्वयंपाकघरात, त्यांच्या जुन्या जागी बसवावे. निखारे राखेखाली झाकून ठेवले, तरच पहाटे विस्तव मिळतो. ते राखण्याचे काम घरी राहिलेल्यांचे आहे.