शूर्पारकाचे बंदर कुठे गेले?

नालासोपारा स्टेशनावर उतरून पश्चिमेच्या बाजूला गेले की जुने सोपारा गाव लागते. तिथे तुम्ही कुणालाही विचारा, "बंदर कुठे आहे हो?" माणूस तुमच्या तोंडाकडे बघत राहील. समुद्र तिथून काही किलोमीटर दूर!

पण श्रोतेहो, हेच ते शूर्पारक. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने पश्चिम किनाऱ्यावरच्या व्यापारी बंदरांत त्याचे नाव घेतले आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना इथे अशोकाच्या आठव्या आज्ञापत्राचा तुकडा मिळाला. त्याच वर्षी 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा ढिगारा त्यांनी उकरला, तर आत बौद्ध स्तूप निघाला. सम्राटाने आज्ञा कोरवायची ती वर्दळीच्या जागी. मग ती वर्दळ गेली कुठे?

राज्ये बदलली, व्यापाराच्या वाटा बदलल्या, हे खरेच. पण आणखी एक गुन्हेगार आहे, आणि तो म्हणजे गाळ.

सह्याद्रीवरून येणाऱ्या नद्या आखूड आणि उताराच्या. वेग दुप्पट झाला की पाणी ढकलू शकते त्या दगडाचे वजन सुमारे ६४ पट होते! पावसाळ्यात नदी डोंगर कशी पोखरते, ते यावरून ध्यानात येईल. मात्र सपाटीवर वेग मंदावला की तिची ताकदही तितक्याच झपाट्याने ओसरते. आधी गोटे टाकले जातात, मग वाळू. चिखल तेवढा खाडीपर्यंत पोचतो. तिथे समोरून भरती येते. खाऱ्या पाण्यात चिखलाचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होऊन तळाशी बसतात. उरलेले तिवरांच्या मुळांत अडकतात. एका वर्षात काही दिसत नाही. हजार वर्षांत मात्र जहाजाचा मार्ग होडीचा होतो, आणि होडीचा मार्ग पायवाट!

लढाईची बखर लिहिली जाते. गाळाची कोण लिहिणार? म्हणून तो विसरला जातो. जे काम नदीला करायला शतके लागली, ते आपण भराव घालून चार-दोन वर्षांत उरकतो. जुलै २०१८ च्या पावसात याच नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि गाड्या थांबल्या. पाण्याची वाट बुजवली म्हणून पाणी यायचे थांबत नाही. ते दुसरी वाट काढते, आणि ती आपल्या उंबऱ्यावरून जाते.