वेटिंग लिस्ट संपली तेव्हा

२०१८ साली पुण्यात एक आकडा खूप फिरला. शहरात नोंदलेली वाहनं ३६ लाखांच्या पुढे गेली होती आणि माणसं होती साधारण ३५ लाख. म्हणजे माणशी एक गाडी, वर काही उरलेल्या. व्हॉट्सअॅपवर विनोद झाले. आता तान्ह्या बाळाचंही आरसी बुक काढा वगैरे. आकड्यात थोडी फसवणूक होती, कारण आरटीओच्या वहीत एकदा चढलेली गाडी सहसा उतरत नाही. भंगारात गेलेल्या कितीतरी लूना तिथे अजून जिवंत असतील. पण कोणी फार वाद घातला नाही. रोज संध्याकाळी सात वाजता कर्वे रस्त्यावर उभं राहणाऱ्याला तो आकडा खराच वाटणार.

२०२४ च्या टॉमटॉमच्या जागतिक यादीत शहराच्या मध्यभागात सगळ्यात हळू चालणाऱ्या शहरांत पुणं चौथं आलं. १० किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं. सायकलवाला जरा जोर लावून साधारण एवढ्याच वेळात तेवढं अंतर कापतो. मला या आकड्यात रस वाटला तो त्यामुळेच, कारण हे शहर एकेकाळी सायकलींचंच होतं. मग मधल्या साठ वर्षांत नेमकं झालं काय?

आपल्याकडे याचं ठरलेलं उत्तर आहे: पेठांचे रस्ते अरुंद, पेशव्यांनी मोटारींचा विचार केला नव्हता. हे खरं आहे, पण पुरेसं नाही. पेठा अजून तेवढ्याच आहेत, आणि आजची सगळ्यात वाईट कोंडी पेठांत नाही. ती हिंजवडीला आहे, नगर रस्त्यावर आहे, विद्यापीठ चौकात आहे, म्हणजे जिथे पेशवे कधी रस्ता आखायला गेलेच नाहीत तिथे.

माझे आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. नारायण पेठेतल्या वाड्यातून निघायचं, नव्या पुलावरून नदी ओलांडायची, शिवाजीनगर, वाकडेवाडी, खडकी. सहा-सात किलोमीटर, सायकलवर अर्धा तास. त्या काळच्या पुण्याचं माप हेच होतं. कारखाना, कॉलेज, कचेरी, मंडई, नाटकाचं थिएटर, सगळं सायकलच्या टप्प्यात. शहर लहान होतं म्हणून सायकली होत्या, हे बरोबर. पण सायकली होत्या म्हणून ते आटोपशीर राहिलं होतं, हेही तितकंच बरोबर.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि हे माप मोडलं. पानशेतच्या पुराबद्दल आपण नेहमी बोलतो ते वाहून गेलेल्या वाड्यांबद्दल आणि माणसांबद्दल, आणि ते योग्यच आहे. पण त्या पुरानं शहराचा नकाशाही ताणला. नदीकाठच्या पेठांतली कुटुंबं उठली आणि गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर अशा नव्या वसाहतींत गेली. गोखलेनगरात पूरग्रस्तांसाठी अर्धगोल छपरांच्या निसेन हट उभारल्या होत्या. आमच्या घरचेही पेठ सोडून सहकारनगरला गेले. आजोबांची खडकी आता शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. दहा-अकरा किलोमीटर जाताना आणि तेवढेच येताना. त्यांनी काही वर्षं तेही सायकलवर केलं. मग गुडघ्यांनी नकार दिला.

त्याच सुमाराला पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहत होते. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होती. साठच्या दशकात टेल्को आली. आणि आकुर्डीला बजाजचा स्कूटरचा कारखाना सुरू झाला. आधी इटालियन पियाज्जोच्या परवान्यानं वेस्पा, तो करार १९७१ मध्ये संपल्यावर १९७२ पासून स्वतःची चेतक. ज्या शहराला नेमकं त्याच वेळी सायकलपेक्षा लांबचा टप्पा हवा होता, त्याच शहराच्या वेशीवर तो टप्पा तयार होत होता. पण तो मिळत नव्हता.

आज वीस वर्षांच्या असणाऱ्यांना हे सांगून खरं वाटत नाही. सरकारनं ठरवून दिल्यापेक्षा जास्त स्कूटर बनवायला कारखान्याला परवानगी नव्हती. लायसन्स राजचा काळ. पैसे भरून नंबर लावायचा आणि थांबायचं. दहा-दहा वर्षं थांबल्याच्या कहाण्या घरोघरी आहेत. मुलगी जन्मली की स्कूटरचा नंबर लावा, लग्नापर्यंत येईल, असं लोक अर्धवट गमतीनं म्हणत. नव्या गाडीपेक्षा वापरलेली गाडी महाग विकली जायची, कारण ती आज हातात पडायची. आजोबांना स्कूटर मिळाली तेव्हा त्यांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

मला वाटतं, पुण्याच्या वाहतुकीचं आजवरचं सगळ्यात परिणामकारक नियोजन या वेटिंग लिस्टनं केलं. कुणी ठरवून केलं नाही, आणि ते न्याय्यही नव्हतं. ओळखपाळख असलेल्याला लवकर मिळायची. पण वीस-पंचवीस वर्षं रस्त्यावर दरवर्षी किती गाड्या येणार याला त्यामुळे एक झाकण बसलं होतं. तेवढ्या वेळात शहराला एक गोष्ट करता आली असती: लांबच्या टप्प्याची गरज बसनं भागवायची.

पुणे महानगरपालिका १९५० ची, आणि पीएमटीही त्याच वर्षीची. पीएमटीच्या लाल बसबद्दल चांगलं बोलणारे लोक मला भेटलेत, पण ते सगळे सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यानंतरच्या पिढीकडे बसच्या फक्त न आल्याच्या गोष्टी आहेत. पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी वेगळी, पुण्याची पीएमटी वेगळी, आणि दोन शहरं मात्र एकमेकांत मिसळलेली. दोन्ही संस्था एक होऊन पीएमपीएमएल व्हायला २००७ उजाडलं. २०११ च्या जनगणनेत पुण्यात ३१ लाख आणि पिंपरी-चिंचवडमध्ये १७ लाख माणसं होती. त्यांच्यासाठी बस आजही दोन हजारांच्या आसपास घुटमळतात.

बस कमी असणं हा फक्त खरेदीचा प्रश्न नसतो. समजा, एक बस अर्ध्या तासात एक फेरी मारते. आठ तासांत तिच्या सोळा फेऱ्या होतात. रस्त्यावर गर्दी वाढली, फेरीला पाऊण तास लागायला लागला, की त्याच बसच्या दहा फेऱ्या होतात. बस तीच, ड्रायव्हर तोच, पगार तोच, पण थांब्यावरच्या माणसासाठी सहा बस गायब झाल्या. तो वैतागून दुचाकी घेतो. त्याची दुचाकी रस्त्यावर आली की बस आणखी हळू होते. पुण्यात हे चक्र ऐंशीच्या दशकापासून फिरतं आहे.

कारण ऐंशीच्या दशकात झाकण उघडलं. जपानी कंपन्यांच्या साथीनं नव्या गाड्या आल्या. पुण्याच्याच फिरोदियांच्या कायनेटिकनं १९७२ मध्ये लूना आणली होतीच, १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, किक मारायची गरज नाही, बटण दाबलं की सुरू. १९९१ नंतर वेटिंग लिस्ट हा शब्दच रेल्वेपुरता उरला, आणि हप्त्यावर गाडी मिळायला लागली.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण दुचाकीला शिव्या घालणं सोपं आहे. माझी आई कॅम्पातल्या एका बँकेत होती. लूना येईपर्यंत ती दोन बस बदलून जायची, आणि बसमध्ये काय काय सहन करायला लागायचं ते तिनं आम्हाला मोठेपणीच सांगितलं. लूनावर ती कुणाचीही वाट न बघता जायला लागली. संध्याकाळी गाण्याच्या क्लासला जायला लागली. पुण्यात मुली-बायका जेवढ्या सहज गाडी चालवतात तेवढ्या देशातल्या फार थोड्या शहरांत चालवत असतील. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेली पुण्याची मुलगी हा चेष्टेचा विषय झाला, पण त्या स्कार्फमागे कुणालाही न विचारता घराबाहेर पडण्याची सोय होती. कोंडीचा इतिहास लिहिताना ही सोय विसरून चालणार नाही. लोकांनी दुचाकी घेतली ती हौसेपेक्षा जास्त सुटकेसाठी.

पालिका या काळात काय करत होती? कागदावर बरंच काही. १९८७ च्या विकास आराखड्यात एक वर्तुळाकार रस्ता आहे. शहराच्या आतून फिरणारा, सुमारे ३६ किलोमीटरचा. त्याचं नाव एचसीएमटीआर, म्हणजे मोठ्या संख्येनं माणसं वाहून नेण्यासाठीचा मार्ग. कल्पना चांगली होती: उपनगरातून उपनगरात जाणाऱ्यानं मध्यभागात शिरायचंच नाही, वर्तुळावरून सार्वजनिक वाहनानं जायचं. जागा राखून ठेवल्या आणि बाकी काही झालं नाही. तीस वर्षांनी तो पुन्हा बाहेर काढला तेव्हा त्याचा सहा पदरी उन्नत रस्ता झाला होता. दोन पदर बससाठी आणि चार खासगी गाड्यांसाठी. नाव तेच राहिलं. २०१९ मध्ये निविदांचे आकडे अंदाजापेक्षा फारच वर आले आणि प्रकरण पुन्हा फाइलीत गेलं.

प्रत्यक्षात झालं ते एकेरी मार्गांचं जाळं. स्वारगेटहून शिवाजीनगरकडे जायचं बाजीराव रस्त्यानं, परत यायचं शिवाजी रस्त्यानं. गाडीवाल्याला एक वळसा पडतो, एवढंच. पण बसनं जाणाऱ्याचा विचार करून बघा. सकाळी ज्या थांब्यावर उतरलो, संध्याकाळी परतीची बस तिथून नाही. ती दुसऱ्या रस्त्यावरून. मधल्या गल्ल्या चालत ओलांडायच्या. आणि एकेरी रस्त्यावर गाड्या सुसाट येतात, त्यामुळे रस्ता ओलांडणं अवघड. लकडी पुलावर तर बरीच वर्षं दुचाकींनाच बंदी होती. पुलाच्या तोंडाशी उभ्या पोलिसाकडून बाहेरगावच्या पाहुण्यांना मिळालेली पावती हा पुण्याच्या आदरातिथ्याचा भाग मानला जायचा.

आणि मग पूल. २००६ च्या सुमाराला विद्यापीठ चौकात पूल झाले. ते चुकीच्या जागी आहेत, अशी ओरड तेव्हाही होती आणि नंतरही राहिली. जुलै २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये रस्ते रिकामे असताना, ते पाडायला घेतले, कारण हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी तिथे दुमजली पूल बांधायचा होता. दीड दशकसुद्धा टिकले नाहीत. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये चांदणी चौकातला जुना पूल मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला. लोकांनी तो घरी टीव्हीवर लाइव्ह बघितला.

पूल पाडण्यापेक्षा मला जास्त लागलेली गोष्ट मात्र बीआरटीची आहे. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळी मार्गिका सुरू झाली. देशातला हा पहिलाच प्रयोग. अहमदाबादची जनमार्ग २००९ ची, म्हणजे आपल्यानंतरची. बोगोटा शहरानं याच पद्धतीनं नाव कमावलं होतं. पन्नास माणसांच्या बसला पाच माणसांच्या पाच गाड्यांपेक्षा आधी जाऊ द्या, एवढा साधा विचार. पण पुण्यात रस्त्याच्या मधोमध थांबे केले आणि तिथपर्यंत माणसानं कसं पोचायचं हे जणू त्याच्यावर सोडलं. दुचाकीवाले मोकळी दिसली की बसच्या मार्गिकेत घुसायचे. अपघात झाले. बस मात्र पुरेशा आल्याच नाहीत, त्यामुळे कोंडीत उभ्या असलेल्या गाडीवाल्याला शेजारची मार्गिका रिकामी दिसायची आणि त्याचा संताप व्हायचा. हा संताप पुढे निवडणुकीच्या भाषणांत आला. २०१५-१६ मध्ये संगमवाडी, औंध-रावेत, नगर रस्ता इथे जास्त नीट बांधलेले मार्ग झाले, पण तोवर बीआरटी ही शिवी झाली होती. नगर रस्त्यावरचा मार्ग अलीकडे उखडून टाकला. उखडल्यावर कोंडी गेली का, हे तिथून रोज जाणाऱ्या कुणालाही विचारा.

मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये ती जमिनीखालून कसबा, मंडई करत स्वारगेटला पोचली. मी मंडईला उतरतो तेव्हा मनापासून आनंद होतो. सहा मिनिटांत नदीपलीकडून पेठेत, घाम न येता. मग सरकत्या जिन्यानं वर येतो आणि समोर फुटपाथ शोधतो. तिथे पार्क केलेल्या दुचाकी असतात. आई आता ७४ वर्षांची आहे. गाडी तिनं सहा वर्षांपूर्वी सोडली. मेट्रोनं मंडईत चल म्हटलं तर म्हणते, मेट्रोत काही त्रास नाही रे, पण स्टेशनपासून मंडईच्या दारापर्यंत मला कोण नेणार?

ती संपूर्ण मंडई आणि लक्ष्मी रस्ता चालत फिरते तो दिवस एकच, ११ डिसेंबर. २०२१ पासून पालिका या तारखेला पादचारी दिन करते आणि लक्ष्मी रस्त्याचा काही भाग गाड्यांना बंद असतो. लोक रस्त्याच्या मधून चालतात, पोरं पळतात, सेल्फी काढतात. गेल्या वेळी आईनं तिथे मधोमध उभं राहून दोन्हीकडच्या इमारतींचे वरचे मजले बघितले. म्हणाली, या दुकानावर एवढी नक्षी आहे हे मला माहितीच नव्हतं. रात्री बॅरिकेड टेम्पोत भरायला सुरुवात झाली तेव्हा आम्ही रिक्षा शोधत होतो.