थंडीतला कालवा आणि गळ

गेल्या महिन्यात बहिणीकडे गेलो होतो, तेव्हा भाच्याचा फोन आला. तो बर्मिंगहॅमला असतो. म्हणाला, "मामा, रविवारी मासे धरायच्या स्पर्धेत उतरलो होतो. कालव्यावर. पारा शून्याच्या खाली. काठाला बर्फाचा पापुद्रा धरला होता, तो फोडून गळ टाकला."

बहिणीने बाजूने विचारलं, "किती मिळाले?"

"तीन. तिन्ही मिळून पाव किलोसुद्धा नसतील. वजन करून परत सोडून दिले."

बहीण जरा वेळ गप्पच. मग म्हणाली, "अरे, मग पाच तास थंडीत बसलास कशाला?"

भाच्याला उत्तर सुचलं नाही. मी मात्र वैजापूरला परत येताना एसटीत तोच विचार करत होतो. प्रश्न साधा, पण त्याचं उत्तर शोधायला बरंच मागे जावं लागतं.

आधी स्पर्धेबद्दल. सकाळी चिठ्ठ्या काढतात आणि कालव्याच्या काठावरची आपली जागा ठरते. तिथून हलायचं नाही. भोंगा वाजला की सुरू, पुन्हा वाजला की बंद. दहा-बारा मीटरची हलकी काठी, केसासारखा दोरा, बारीकसा गळ आणि आमिषाला चिखलात वाढणाऱ्या लालभडक अळ्या. माशाचं रक्त पाण्याइतकंच थंड असतं. पाणी गारठलं की त्याचं अंगही मंदावतं आणि भूक मरते. तो आमिषाला झोंबत नाही, नुसता ओठ लावून बघतो. पाण्यावर तरंगणारी काडी गव्हाच्या दाण्याएवढी दबली तरी ओळखावं लागतं. अशा दिवशी ज्याला एक मासा मिळतो तो रिकाम्या हाताने परतणाऱ्या निम्म्या लोकांच्या पुढे असतो.

बर्मिंगहॅमचे कालवे शेतीसाठी खणलेले नाहीत, कोळशासाठी खणले आहेत. तिथला पहिला कालवा १७६९ साली कोळशाच्या खाणींपासून शहरापर्यंत आला. नावा ओढणारे घोडे ज्या वाटेने चालत, त्याच वाटेवर आज भाचा स्टूल टाकून बसतो. कारखान्यातल्या कामगारांना सुट्टी एका दिवसाची आणि जवळ पाणी म्हणजे कालवाच. साहेब लोकांचे सामन मासे दूरच्या खाजगी नद्यांमध्ये. कामगारांच्या वाट्याला काळपट पाण्यातले बोटभर मासे. त्या बोटभर माशांचीच त्यांनी स्पर्धा केली. १९०३ मध्ये त्यांच्या मंडळांचा राष्ट्रीय संघ झाला, १९०६ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरली. विणीच्या हंगामात मासेमारी बंद ठेवायचा कायदा त्याआधीच, १८७८ साली, शेफील्डचे खासदार मुंडेला यांनी आणला होता. बहुतेक कालव्यांवरची ती बंदी २००० साली उठली.

आता तुम्ही म्हणाल, हे साहेबाचे खेळ. थांबा जरा.

आपल्या दख्खनवर राज्य करणारा कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. त्याने ११२९-३० च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. मराठीच्या इतिहासात या ग्रंथाचं नाव येतं ते, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात अशी नोंद त्यात आहे म्हणून. पण त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोद नावाचं एक प्रकरण आहे. कोणते मासे कुठे राहतात, कोणाला कोणतं आमिष चालतं, काठी आणि दोरा कसा असावा, मासा लागल्यावर त्याला कसं खेळवावं, हे सगळं त्यात आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर सविस्तर लेख लिहिला. म्हणजे गळ टाकून बसणं हा पोटाचा उद्योग नसून मनाचाही असू शकतो, हे आपल्याकडे नऊशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय.

पण राजाला विनोद परवडतो. आमच्या भागात आधी पाणी तरी हवं ना!

गोदावरीवर, कादवेच्या संगमापाशी, नांदूर मधमेश्वरचा बंधारा इंग्रजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. त्यातून उजवा आणि डावा असे दोन कालवे निघाले. वर दारणा धरण झालं. ते पाणी निफाड, कोपरगाव, राहात्याकडे गेलं. कोपरगाव इंग्रजी मुलखात, वैजापूर निजामाच्या. हद्द कागदावरची, पण पाणी त्या कागदाप्रमाणे वाहत होतं. १९४८ ला निजामाचं राज्य संपलं, १९५६ ला आम्ही मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्रात. हद्द पुसली गेली, कालवा मात्र होता तिथेच राहिला.

माझी मावशी कोपरगाव तालुक्यात, डाव्या कालव्याच्या पट्ट्यात. लहानपणी थंडीत तिच्याकडे जायचो. रब्बीचं आवर्तन संपलं की कालव्यात ठिकठिकाणी डबकी उरायची. पहाटे आम्ही पाच-सहा पोरं, अंगावर गोधडी घेऊनच, बोरूची काडी बांधलेला गळ आणि डब्यात गांडुळं घेऊन जायचो. जास्त मासे त्याला सगळ्यांचे गूळ-शेंगदाणे, अशी पैज. हात इतके बधिर व्हायचे की गांडूळ गळाला लावताना गळ बोटात घुसला तरी कळायचं नाही. एकदा सूर्य वर आला तरी कोणालाच काही लागलं नाही. शेवटी माझ्या गळाला करंगळीएवढा मासा आला आणि मी जिंकलो. मावसभाऊ चिडून म्हणाला, "मासा आमच्या कालव्यातला आहे. तुमच्याकडे कुठाय कालवा?"

घरी येऊन मी अण्णांना तेच विचारलं, आपल्याकडे कालवा का नाही? अण्णा नारंगीच्या कोरड्या पात्राकडे बघत म्हणाले, "आपण नदीच्या चुकीच्या राज्यात होतो बाबा." तेव्हा समजलं नव्हतं.

पुढे नांदूर मधमेश्वर जलदगती कालवा झाला. इगतपुरी तालुक्यातल्या मुकणे, भावली, वाकी, भाम या धरणांचं पाणी त्यातून वैजापूर-गंगापूरकडे येतं. येतं म्हणजे, वर नाशिक-नगरची गरज, खाली आमची, आणि मध्ये दर वर्षीची ओढाताण. २००५ साली राज्यात पाण्याच्या न्याय्य वाटपासाठी प्राधिकरणाचा कायदा झाला; तरीही आवर्तन कधी सुटणार हा प्रश्न आमच्याकडे हवामानाइतकाच रोजचा. थंडीत जे पाणी येतं ते निफाडकडून येतं. २०१८ च्या डिसेंबरात तिथे पारा दोन अंशांच्या खाली गेला होता. त्या पाण्यात पहाटे बारे देणाऱ्या माणसाला स्पर्धेबद्दल विचारून बघा!

आणि एक सांगतो. वाहत्या अस्तरी कालव्याच्या उतारावर पोरांना बसू देऊ नका. पाय घसरला तर धरायला काही नसतं, पोहणाराही वर येत नाही. आमची ती उथळ डबकी वेगळी होती.

तर बहिणीचा प्रश्न. पाच तास थंडीत बसायचं कशाला? मला वाटतं, इंग्लंडच्या त्या कामगाराला आठवड्यात पाच तास असे मिळत, जे मालकाचे नव्हते. मासा केवढा, याला फार महत्त्व नव्हतं. माझा करंगळीएवढा मासाही मी मोठ्या दिमाखात घरी आणला होता, कारण तो न मिळालेल्या पाण्यातला माझा पहिला वाटा होता.

परवा भाच्याला हे सगळं फोनवर सांगितलं. त्याला फार आवडलं. म्हणाला, "मामा, पुढच्या जानेवारीत येतो. आपल्या कालव्यावर स्पर्धा घेऊ!"

बहिणीने फोन हातातून घेतला. म्हणाली, "ये की. पण आधी गहू भिजू दे, मग तुझे मासे."