कर्ण्यातला गळा

१९०२ साली गौहर जान कलकत्त्यात रेकॉर्डिंगसाठी गायल्या, ते कर्ण्यासमोर. मायक्रोफोन नव्हताच. आवाजाच्या जोरावर सुई तबकडीत रेघ कोरायची. हळू गायलेलं नीट उमटायचं नाही, म्हणून खणखणीत गाणं भागच होतं. १९२५ मध्ये विजेवरचं रेकॉर्डिंग आलं आणि कुजबुजल्यासारखं गाणंही तबकडीवर पोचलं.

आज घरी मोबाईलवर कव्हर गाताना हाताशी मायक्रोफोन असतो, पण गळा अजून कर्ण्यासमोरच. वरच्या सुरावर जोर लावला की रेकॉर्डिंग फाटतं. ऑटो-ट्यून सूर जागेवर आणतं, फाटलेला आवाज सांधत नाही. म्हणून मी मोबाईल वीतभर लांब ठेवतो, वरच्या सुराला आणखी मागे सरकतो. जोर लावायचं काम मायक्रोफोनचं. माझं फक्त गायचं.